हणमंत गुरुजींचं पक्कं

रेणापुरात हणमंतराव गुरुजींना न ओळखणारा माणूस एक तर गावात नवा असतो, नाही तर त्यांच्या हाताखालून गेलेला असतो आणि त्यांना पाहून मुद्दाम दुसऱ्या गल्लीत वळतो. छत्तीस वर्षं त्यांनी शाळेत घालवली, त्यातली शेवटची अकरा मुख्याध्यापकाच्या खुर्चीत. एवढ्या वर्षांत पाढे, व्याकरण, इतिहास असं पुष्कळ शिकवलं, पण जीव ओतून शिकवली ती एकच गोष्ट: आधी कच्चं, मग पक्कं. कच्च्यात हवं तेवढं खोडा, गिरवा, बाण काढा. पक्क्यात खाडाखोड म्हणजे गुन्हा. एक अक्षर चुकलं की पान बदलायचं आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा.

निवृत्तीनंतर माणूस सैल होतो म्हणतात. गुरुजी झाले नाहीत. किराण्याची यादी आधी कच्ची व्हायची, मग पक्की, आणि तोवर दुकानदार जेवायला घरी गेलेला असायचा. मुलाच्या, म्हणजे सुदर्शनच्या लग्नात पाहुण्यांची यादी पक्की झाली तेव्हा पाहुणे पंगतीला बसले होते. तारामतीबाई कधीमधी विचारायच्या, "माझ्या गळ्यात माळ घातली ती कच्ची व्हती का पक्की, तेवढं तरी सांगा." सेहेचाळीस वर्षं गुरुजी या प्रश्नाला घसा खाकरून उत्तर देत आले होते.

अशा माणसाच्या हातात संगणक पडला, त्यामागे एक दुःख होतं. तीन वर्षांपूर्वी गुरुजींचे थोरले भाऊ केरबा शेताच्या बांधावर उभे होते. गुरुजी जवळ गेले तर केरबांनी विचारलं, "हे रान कुणाचं ओ, पाव्हणं?"

रान केरबांचंच होतं. त्याचं नाव रुसवा. त्यांच्या आजोबांची नवी नवरी सासरी येता येता तिथं रुसून बसली होती म्हणून रुसवा. साठ वर्षं त्या रानात घाम गाळलेल्या माणसाला ते नाव आठवत नव्हतं, आणि सख्खा भाऊ पाव्हणा झाला होता. गुरुजी घरी येऊन मोरीत तोंड धूत बसले, बराच वेळ. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोनशे पानी वही आणली आणि तालुक्यातल्या शेतांची नावं गोळा करायला सुरुवात केली. सरकारी कागदावर गट नंबर असतो, पण माणसं गट नंबरात राबत नाहीत. ती राबतात भांडणाच्या पट्टीत, वाकडीत, आंधळ्या विहिरीच्या रानात. ही नावं सांगणारी माणसं एकेक करून जाऊ लागली होती, आणि जी होती त्यातली काही केरबांसारखी आतल्या आत चालली होती.

गुरुजी स्कूटी काढायचे आणि गावोगाव जायचे. पानगावच्या नव्वदीतल्या कस्तुराबाईंनी एका बैठकीत त्रेसष्ट नावं सांगितली आणि दर दहा नावांना एक कप चहा मागितला. वही भरली, दुसरी भरली, तेव्हा नांदेडला असणाऱ्या भाच्यानं, सत्यमनं, त्यांना आपला जुना संगणक आणून दिला. सत्यम विष्णुपुरीला इंजिनियरिंग शिकला होता, त्यामुळे त्यानं त्यात साधंसुधं काही न घालता लिनक्स ही वेगळी प्रणाली घातली. पडद्यावर सगळं मराठीत दिसायचं, यावर गुरुजी बेहद्द खूश झाले. 'शेतांची नावं' असं एक फोल्डर समोरच ठेवून सत्यम गेला.

काही दिवसांनी लेखनाचा प्रोग्राम उघडेना. पडद्यावर आलं, 'परवानगी नाकारली.' छत्तीस वर्षं ज्यांनी दुसऱ्यांना परवानगी नाकारली, त्यांना स्वतःच्या घरात, स्वतःच्या टेबलावर! गुरुजींनी तणतणत नांदेडला फोन लावला. सत्यम घाईत होता. त्यानं एक ओळ सांगितली, आज्ञा द्यायच्या काळ्या खिडकीत टाइप करायची, तिच्या सुरुवातीला एक शब्द होता, सुडो.

"म्हणजे काय रे?"

"म्हणजे मोठ्या साहेबाच्या नावानं हुकूम सोडायचा, मामा. मग ते ऐकतं. फक्त पासवर्ड विचारन, तो टाका. सही समजा."

सही! गुरुजींच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. शाळेत पक्क्या कागदाला मोठ्या साहेबाची सही लागतेच. त्यांनी ती ओळ डायरीत लाल शाईनं लिहिली, खाली दोन रेघा मारल्या आणि स्वतःशी नियम ठरवला: कच्चं लिहायचं ते साधं चित्रावर टिचकी मारून. पक्कं लिहायचं ते सुडो लावून, सही करून. दुसऱ्या दिवसापासून प्रोग्राम साध्या टिचकीवरही उघडू लागला होता, पण सत्यमनं एका दिवसापुरता सांगितलेला उपाय गुरुजींनी कायमचा प्रघात करून टाकला, आणि हे सांगायला सत्यमला फोन करावा असं त्यांना वाटलं नाही. नीट चाललेल्या कामाबद्दल कोण कुणाला फोन करतं?

चार महिन्यांत बावीस गावांचं पक्कं झालं. झालेलं पक्कं गुरुजी पुन्हा उघडत नसत. पेपर तपासून गठ्ठा बांधला की बांधला. पण होळीनंतर पानगावच्या ग्रामपंचायतीनं आपल्या गावाची नावं छापून भिंतीवर लावायची ठरवली आणि सुदर्शन म्हणाला, "नाना, पानगावचं द्या काढून." गुरुजींनी मोठ्या दिमाखात फोल्डर उघडलं. आत कच्चं सगळं होतं. पक्की फक्त तीन गावं. पानगाव त्यात नव्हतं.

"आवं, झालं नसंल लिहून," सुदर्शन म्हणाला.

"झालंय. मी केलंय."

"मग हाय कुटं?"

गुरुजींनी दोन दिवस बसून पानगावचं पक्कं पुन्हा केलं, तारीख घालून. तिसऱ्या दिवशी तेही नाही. जी तीन गावं दिसत होती त्यातलं खरोळा उघडलं आणि एक चुकलेला अनुस्वार दुरुस्त करायला गेले, तर अक्षर उमटेना. फाईल वाचायला मिळत होती, हात लावू देत नव्हती.

सत्यमला फोन झाला. त्यानं काळ्या खिडकीत एक आज्ञा द्यायला सांगितली आणि म्हणाला, "जे येईल ते जसंच्या तसं वाचा, मामा."

गुरुजींनी चष्मा लावला. "डॅश, आर, डब्ल्यू, डॅश, आर, डॅश, डॅश, आर, डॅश, डॅश. एक. मग आकडा. मग तारीख. मग खरोळा पक्कं."

"परवानगी तर बरोबर हाय. मालकाला लिहिता येतं, आणि मालक तुम्हीच. मामा, तुम्ही काय करून राहिले नक्की? काही बदललं का?"

"मी काहीही बदललेलं नाही," गुरुजी कडक आवाजात म्हणाले, आणि ते खरंच होतं. सत्यमनं फाईल मोकळी करायची एक ओळ दिली. खरोळा मोकळं झालं. आठवड्यानं पोहरेगावला हात लावला तर तेही बंद. सत्यम म्हणाला, परवानग्या आपोआप बदलतात म्हणजे मशीनचं डोकं फिरलं असावं.

घरात मात्र डोकं कुणाचं फिरलं याबद्दल वेगळं मत तयार होऊ लागलं होतं. तारामतीबाई गॅस बंद केला का हे गुरुजींनी बंद केल्यावर पुन्हा बघू लागल्या. सुदर्शन विचारू लागला, "नाना, गोळी घेतली का?" आणि उत्तर ऐकूनही पाकिट मोजू लागला.

गुरुजींना सगळं कळत होतं. ते घाबरले होते. सकाळी उठल्याबरोबर ते एकोणतीसचा पाढा उलटा म्हणायचे. एकोणनव्वद सालच्या सातवी ब वर्गाची हजेरी पाठ म्हणायचे, गैरहजर मुलांसकट. सगळं यायचं. पण केरबांनाही पाढे येत होते की! केरबा आजही अडीचकी सुरात म्हणतात, आणि मग विचारतात, पाव्हणं कुठले?

शेवटी गुरुजींनी शाळेतला उपाय काढला. शाळेत हालचाल वही असते. कोण कुठे गेला, किती वाजता, सही. त्यांनी संगणकाची हालचाल वही सुरू केली. 'सकाळी ९.१० ते ११.४५. कामखेडा, पक्कं. पूर्ण.' खाली लफ्फेदार सही. मागच्या डायरीतून जुन्या नोंदीही तारीखवार उतरवून काढल्या. पण झालं भलतंच. सुदर्शननं वही पाहिली, फोल्डर पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. वहीत कामखेडा पूर्ण, खाली वडिलांची सही. मशीनमध्ये कामखेडा नाही.

"नाना," तो हळू आवाजात म्हणाला, "सोमवारी लातूरला जाऊ. डॉक्टरचा नंबर लावलाय. आणि स्कूटीची चावी मी ठिवून घेतलीय."

"कामून?"

"आवं, रस्ता इसरला तर काय करावं आमी?"

छत्तीस वर्षांत शेकडो पोरांच्या खिशातून गुरुजींनी गोट्या, लट्टू, चिंचा जप्त केल्या होत्या. त्यांच्या खिशातून काही जप्त होण्याची ही पहिली वेळ होती. स्कूटी गेली म्हणजे गावं गेली, गावं गेली म्हणजे नावं गेली, आणि मग ओट्यावर केरबांच्या शेजारी बसायचं एवढंच काम उरणार होतं. रात्रभर विचार करून सकाळी ते एवढंच म्हणाले, "घरात रोगी दोन आहेत. आधी मशीन तपासायचं, मग मला. क्रमानं."

सोमवारी गाडी निघाली. पुढे सुदर्शन, मागे गुरुजी आणि तारामतीबाई, आणि मधे जुन्या शालीत गुंडाळलेला संगणक. खड्डा आला की तारामतीबाई त्याला धरायच्या. "मला कवा असं धरलं न्हाई," गुरुजी म्हणाले. "तुमी कवा शाल पांघरून गप बसलाव?" त्या म्हणाल्या.

लातूरला गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत जलीलचं दुकान होतं. त्याचे वडील रेणापुरात रेडिओ दुरुस्त करायचे. जलील आता लातुरात संगणक दुरुस्त करतो. आणि तो गुरुजींचा विद्यार्थी. 'माझे गाव' हा निबंध त्यानं सातवीत नऊ वेळा पक्का लिहिला होता, कारण 'नदी' दर वेळी ऱ्हस्व निघायची. वयाची पन्नाशी आली तरी गुरुजी दारात दिसल्याबरोबर तो स्टुलावरून उठून उभा राहिला, हात आपोआप मागे बांधले गेले.

"सलाम गुरुजी. या, बसा. काकू, तुम्ही पंख्याखाली बसा. काय तकलीफ झाली?"

सुदर्शननं सांगितलं. सांगताना आवाज खाली नेला, तरी गुरुजींना ऐकू आलंच. जलीलनं मशीन जोडलं, फोल्डर उघडलं, काळी खिडकी उघडली, आणि सत्यमनं दिली होती तीच आज्ञा दिली. मग मान तिरकी करून तो पडद्याजवळ गेला.

"गुरुजी, ह्या फायलीचे मालक तुम्ही न्हाईत."

"मग कोण?"

"प्रत्येक फायलीवर मालकाचं नाव लिहिलेलं असतंय. ही कच्ची बघा, तुमच्या नावावर. ह्या पक्क्याच्या पुढं बघा, रूट, रूट. रूट म्हणजे मशीनचा मोठा साहेब. त्याची फाईल तुम्हाला वाचता येईल, बदलता येणार न्हाई."

"ते मी पाहिलं होतं," गुरुजी म्हणाले.

"मग भाच्याला सांगितलं न्हाई?"

"एकच शब्द दोनदा आला होता. द्विरुक्ती. वाचताना मी ती वगळली."

सुदर्शननं कपाळाला हात लावला. जलीलनं ओठ दाबून धरले. गुरुजींसमोर हसायची त्याची अजून हिंमत नव्हती. "बरं गुरुजी," तो म्हणाला, "घरी पक्कं कसं करता, तसंच करून दाखवा मला. मी काय बोलत न्हाई."

गुरुजी बसले. दुसरा चष्मा काढला, डायरी उघडली, लाल ओळीवर बोट ठेवलं आणि उजव्या हाताच्या एका बोटानं एकेक अक्षर ठोकत गेले. एस. यू. डी. ओ. पुढची ओळ. मग पासवर्ड, पडद्याकडे पाठ करून बसायला सगळ्यांना सांगून. लेखनाचा प्रोग्राम उघडला. त्यांनी 'नमुना पक्कं' असं लिहिलं आणि जतन करायची खिडकी उघडली.

जलील मागे वळला आणि बघतच राहिला. त्या खिडकीत फायलींची रांग लागली होती. पानगाव पक्कं. पानगाव पक्कं, पुढच्या तारखेचं. कामखेडा. दर्जी बोरगाव. पळशी.

"गुरुजी! ह्या तर सगळ्या हितं हायत. रोज तुमच्या डोळ्यापुढं येत व्हत्या. तुम्हाला दिसल्या न्हाईत?"

गुरुजींनी चष्म्यावरून पाहिलं. "मी फक्त नावाचा रकाना बघतो. बाकीच्या खिडकीत साहेबाचे कागद असतील असं वाटलं. दुसऱ्याच्या कागदात डोकावायचं नसतं."

आता मात्र जलीलला हसू आवरेना. तो हसत हसतच समजावत गेला. सुडो लावून प्रोग्राम उघडला की मशीनला वाटतं, साहेबच लिहायला बसलाय. मग नवी फाईल साहेबाच्या नावावर होते आणि साहेबाच्याच कपाटात जाते. तीन वेळा गुरुजींनी हातानं समोरचं फोल्डर निवडलं होतं, म्हणून ती तीन गावं समोर दिसत होती, पण कुलूप साहेबाचंच. साधी टिचकी मारून उघडलं की गुरुजी आपले गुरुजी, त्यांना साहेबाचं कपाट उघडून बघायचीही परवानगी नाही.

"मशीनचं काय चुकलं न्हाई," जलील म्हणाला, "आणि परवानग्या आपोआप बदलत नव्हत्या. तुम्ही दर पक्क्याला साहेबाला बोलवत व्हता, आणि साहेब काम करून कागद आपल्या घरी नेत व्हता."

गुरुजींनी पिशवीतून हालचाल वही काढली. "ताडून बघ," ते म्हणाले.

जलीलनं एकेक फाईल वाचली, तारीख आणि वेळ. सुदर्शन वहीत बोट फिरवत होता. कामखेडा, अकरा पंचेचाळीस. वहीत अकरा पंचेचाळीस. पळशी, दहा वाजून पाच. वहीत दहा वाजून पाच. तेवीसच्या तेवीस गावं, आणि पानगाव दोनदा, सगळी मिनिटाला मिनिट जुळली. शेवटच्या गावापर्यंत येता येता सुदर्शन नुसतीच मान हलवू लागला. तारामतीबाईंनी पदर डोळ्याला लावला. "मी म्हनतच व्हते," त्या म्हणाल्या. असं त्या एकदाही म्हणाल्या नव्हत्या, पण गुरुजींनी ही चूक काढली नाही.

"मला वाटलं मी दादासारखा झालो," गुरुजी म्हणाले. त्यांनी वही मिटली. जलीलनं पाण्याचा ग्लास त्यांच्या हातात दिला आणि तोंड वळवून सगळ्या फायली गुरुजींच्या नावावर करायच्या उद्योगाला लागला. एका ओळीत झालं ते.

सुदर्शन म्हणाला आता डॉक्टरकडे नको. गुरुजी म्हणाले, नंबर लावलाय, जायचं. डॉक्टरांनी वार विचारला, तारीख विचारली, कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. गुरुजींनी विचारलं, "कच्चं काढू का पक्कं?" डॉक्टरांनी सुदर्शनकडे पाहिलं. सुदर्शन म्हणाला, "ते बरे हायत, साहेब. ते असेच हायत." तपासून डॉक्टरही तेच म्हणाले. पायऱ्या उतरताना सुदर्शननं खिशातून स्कूटीची चावी काढून वडिलांच्या हातावर ठेवली आणि त्यांच्या चेहऱ्याकडे न बघता गाडी काढायला गेला.

परतीच्या वाटेवर जलीलचं बोलणं गुरुजींच्या डोक्यातून जाईना. कागद हरवला नव्हता. तो आतच होता, फक्त उघडायची परवानगी नव्हती. रेणापुरात गाडी थांबली तसे ते घरात न जाता, जलीलनं छापून दिलेले कागद घेऊन शेजारच्या गल्लीत केरबांकडे गेले.

केरबा ओट्यावर बसले होते. "या पाव्हणं," ते म्हणाले. गुरुजी शेजारी टेकले आणि काही न सांगता आपल्या शिवारातली नावं वाचू लागले. भांडणाची पट्टी. वाकडी. तीन आंब्याचं. केरबा समोरच्या कोंबडीकडे बघत होते. आंधळी विहीर. मामलेदाराचं. रुसवा. गुरुजी क्षणभर थांबले. केरबांची नजर कोंबडीवरच होती. गुरुजी पुढचं नाव वाचायला लागले.

"ए थांब," केरबा खेकसले. "रुसव्याच्या खाली समजूत हाय की. ती कुटं गेली?"

"समजूत?"

"आजी रुसून बसली वर. आज्यानं समजूत घातली ती खालच्या तुकड्यात, लिंबाखाली. म्हून समजूत. तुला एवढं बी ठावं न्हाई, हणम्या?"

तीन वर्षांनी त्या तोंडून आपलं नाव ऐकून गुरुजींना एकदम काही दिसेना. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. केरबा तोवर पुन्हा कोंबडीकडे वळले होते. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "पाव्हणं, च्या घेणार का?"

"घेणार," गुरुजी म्हणाले. त्यांनी खिशातलं पेन काढलं. पक्का कागद मांडीवर घेतला, रुसव्याच्या खाली सरळ फुली मारली, बाजूला एक बाण काढला, आणि समासात वाकड्या अक्षरांत लिहिलं, समजूत.